साकीनाक्याचे सरपण

मुंबईची थंडी ही बहुतांशी वर्तमानपत्रांतच पडते, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे; आणि सांताक्रूझच्या वेधशाळेच्या दफ्तरी २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची जी नोंद आहे, ती आजच्या वाचकाला दाखविली तर तो प्रथम आकड्यात काही छपाईचा दोष आहे काय, हेच तपासून पाहील. ज्या शहरात पौषातल्या पहाटेसही सोलापुरी चादर फार वेळ अंगावर सोसवत नाही, त्या शहरात घर तापविण्यासाठी लाकूड जाळावे हा विचार कोणाच्या मनात आला नाही, भिंतीत अग्निस्थान बांधून त्यावर धुराडे काढावे असे कोणा गवंड्याला सुचले नाही, आणि महाबळेश्वरच्या जुन्या साहेबी बंगल्यांत तसली अग्निस्थाने पाहून आलेल्या शेटजींनाही त्यांची नक्कल आपल्या गिरगावातल्या माडीत करावीशी वाटली नाही. असे असूनही ह्या शहराने दीडदोनशे वर्षे अहोरात्र लाकूड जाळले. त्यातील मोठा हिस्सा अन्न शिजविण्याकडे गेला हे उघडच आहे; पण जो उरला तो स्नानाच्या पाण्याखाली गेला, आणि सरपणाच्या उबेचे जे सुख मुंबईकराच्या वाट्याला आले ते ह्या दुसऱ्या हिश्श्यातून. त्याने घर तापविले नाही, पाणी तापविले.

ह्या सुखाची आणि त्यापाठीमागच्या खटाटोपाची चौकशी करण्यासाठी मी साकीनाका निवडला, ह्याचे वाचकांस कदाचित नवल वाटेल. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि घाटकोपरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस भिडतात त्या चौकाची कीर्ती वाहनांच्या खोळंब्याबद्दल आहे, सृष्टिसौंदर्याबद्दल नाही. ८ जून २०१४ पासून त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावते, आणि तिच्या खिडकीतून पाहिले असता खाली पत्र्यांचा एक अखंड विस्तार दिसतो. परंतु मोहिली, असल्फा, चांदिवली, मरोळ ह्या जुन्या गावांच्या शिवा येथे एकत्र येत होत्या. १९२० साली साष्टीच्या दक्षिण भागाचा मुंबई उपनगर जिल्हा झाला आणि १९५० साली हा मुलूख महापालिकेच्या हद्दीत आला, तोवर येथे भाताची खाचरे, ताडाची झाडे आणि मिठी नदीचे उथळ पात्र होते. पुढे पवईच्या वाटेवर लार्सन अँड टुब्रोसारखे मोठे कारखाने उभे राहिले, त्यांच्या आश्रयाने शेकडो लहान कारखाने आले, आणि खैरानी रस्त्याच्या दुतर्फा सुतारकाम, फर्निचर, पॅकिंगच्या पेट्या, भंगार आणि ओतकाम ह्यांची जी दाट वस्ती झाली, तिच्यातून लाकडाचा एक निराळाच प्रवाह वाहू लागला. साष्टीचे जंगल बरेचसे गेले; पण साकीनाक्याला सरपण कमी पडले नाही.

हे कसे झाले ते सांगण्यापूर्वी जुन्या व्यवस्थेकडे थोडे वळले पाहिजे. मुंबईच्या पेठापेठांत, स्टेशनाजवळ आणि बंदराच्या कडेला लाकडाच्या वखारी असत. ठाणे, भिवंडी, वसई, पालघर ह्या बाजूचे लाकूड आधी गलबतांतून आणि नंतर रेल्वेच्या वाघिणींतून तेथे येई, वजन होऊन पडे आणि घणापाचरीने फुटून हातगाडीवरून घरोघर जाई. जाणत्या गृहिणीला लाकडाची जात ओळखता येई. धावडा आणि बाभूळ ह्यांची धग टिकाऊ आणि निखारा घट्ट, ऐनही चांगला, चिंच फोडताना हात मोडेल, पण एकदा पेटली की तक्रारीला जागा नाही, किनाऱ्यावरचा सुरू ओला असतानासुद्धा जळणारा, आंब्याचा धूर फार, आणि पांगारा किंवा सावर कोणी मोळीत घालून दिली तर वखारवाल्याशी दुसऱ्या दिवशी कजिया ठरलेला, कारण ही लाकडे पाहता पाहता भुर्रकन जळून जातात आणि पातेले कोमटच राहते. स्नानाचे पाणी तापविणाऱ्या बंबासाठी हातभर लांबीच्या आणि मनगटाहून बारीक अशा ढलप्या वेगळ्या फोडून मिळत. त्यांना बंबफोड म्हणत, आणि तिचा भाव साध्या लाकडाहून चढा असे.

हे लाकूड वखारीत येण्यापूर्वी कोणाच्या हातून गेले, ह्याची विचारपूस मात्र शहराने कधी केली नाही. १८७८ च्या जंगल कायद्याने ठाणे जिल्ह्यातील डोंगर सरकारी पहाऱ्याखाली गेले, आणि भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्यासाठी फांद्या तोडण्याचा जो हक्क रयत पिढ्यान्‌पिढ्या बजावत आली होती तोच गुन्हा ठरू लागला. ह्या गाऱ्हाण्यांचा गवगवा इतका झाला की १८८५ साली मुंबई सरकारला एक जंगल कमिशन नेमावे लागले, आणि त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर पडला. रयतेला राबासाठी फांदी तोडण्याची मनाई, आणि मक्तेदाराला मात्र कूप लिलावात घेऊन सबंध रान तोडण्याचा परवाना, हा न्याय ज्या दप्तरात लिहिला गेला त्याच दप्तराच्या आधारावर गिरगावातील स्नानाचे पाणी तापत होते. पुढे १९४५ साली उंबरगाव-तलासरीकडच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, आणि मग गवतकापणीच्या व जंगलतोडीच्या मजुरीसाठी जो झगडा दिला, त्याचा इतिहास गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथामुळे मराठी वाचकाला परिचित आहे. कोळशाची कथा त्याहूनही अधिक कष्टाची. मुकादमाकडून उचल घेऊन कातकऱ्यांचे सबंध कुटुंब भट्टीवर जाते, लाकडे रचून त्यांवर पाला आणि माती लिंपते, आत हवा बेताची जाईल असे पाहत दिवसरात्र राखण करते. आणि चारपाच किलो लाकडातून एक किलो कोळसा हाती येतो. शेगडीतल्या निखाऱ्यावर पापड भाजताना हा हिशेब कोणी मांडला नाही.

आता बंबाविषयी. ज्यांनी तो वापरला त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी तो केवळ उपाहारगृहाच्या दर्शनी भागात शोभेसाठी मांडलेला पाहिला त्यांना ते हवे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तांब्याचे एक उंच, पोटात किंचित फुगीर पात्र. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक नळकांडे. नळकांड्याच्या तळाशी लोखंडी जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. पाणी नळकांड्याच्या सभोवार, विस्तव नळकांड्याच्या पोटात. धुराला वर जाण्याची वाट तीच आणि बंबफोड आत टाकण्याची वाटही तीच. काही बंबांना खाली पितळी तोटी असे. पण माझ्या मते खरी कल्पकता दुसऱ्या प्रकारात होती, ज्यात वरच्या नरसाळ्यातून गार पाण्याचा तांब्या ओतला की ते पाणी आतल्या नळीने थेट तळाशी जाई आणि तितकेच कढत पाणी वरच्या चोचीतून बाहेर पडे. गार पाणी घातल्यावाचून गरम पाणी मिळत नाही, ही अट यंत्रातच घडविलेली होती; त्यामुळे बंब कधी कोरडा पडत नसे, आणि कोरड्या बंबाखाली विस्तव राहिला तर सांध्याचे डाख वितळून जो अनर्थ होतो तोही आपोआप टळत असे. पुण्याच्या कसब्यातील तांबट आळीत, किंवा इकडे पायधुणीजवळच्या तांबाकाट्यावर असा बंब खरेदी करणे हा संसारातला मोठा व्यवहार असे, आणि तो बहुधा तीन पिढ्यांना पुरे.

त्याचा हिशेब मांडून पाहिला तर तो आजच्या मनुष्यासही लाजविणारा आहे. चाळीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत न्यायचे तर चौदाशे किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण चार हजार असतात. म्हणजे एक कणही वाया न जाता साडेतीनशे ग्रॅम लाकडात काम भागावे. प्रत्यक्षात बरीच उष्णता धुराबरोबर जाते, तेव्हा एक किलो धरू. ह्या एका किलोत, विसण घालून, चार माणसांची स्नाने यथास्थित होत. उघड्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा दहावा-सातवा हिस्साच भांड्याला लागतो. बंबात आग पाण्याच्या पोटात असल्यामुळे ती सर्व बाजूंनी कामाला लावलेली असे. उष्णताशास्त्राची पाठ्यपुस्तके न वाचलेल्या तांबटाने हे साधले होते.

सुख होते ते पेटविण्यापासूनच. नारळाची शेंडी, कागदाचा बोळा, रॉकेलाचे दोन थेंब, बारीक काटक्या, आणि त्या धरल्या की मग एकेक बंबफोड. नळकांड्यातून हवा ओढली जाऊ लागली की जो घुमणारा आवाज येई तो ऐकूनच पाणी किती तापले ह्याचा अंदाज आतल्या खोलीतून करता येत असे. नरक चतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी चिंच आणि राख लावून बंब लखलखीत घासायचा, त्याला झेंडूची माळ घालायची, भोवती रांगोळी काढायची आणि पाणी भरून ठेवायचे. पहाटे काळोखात तो पेटे, आणि तेल-उटण्याने माखलेली मुले कुडकुडण्याचा बहाणा करीत त्याच्या भोवती उभी राहत. कोकणात आणि गोव्यात हेच काम न्हाणीतल्या चुलीवर बसविलेले तांब्याचे भाण करते. त्याच्या गळ्यात कारिटाच्या वेलीची माळ असते. वर्षातून निदान एक दिवस तरी पाणी तापविण्याच्या भांड्याची पूजा करणारा समाज जगात दुसरा असेल तर मला त्याची ओळख करून घ्यायला आवडेल. नॉर्वेमध्ये लार्स मिटिंग नावाच्या लेखकाने लाकूड तोडावे, फोडावे, रचावे आणि वाळवावे कसे ह्यावर २०११ साली लिहिलेला ग्रंथ तडाखेबंद खपला, आणि २०१३ साली तेथील सरकारी दूरचित्रवाणीने त्या विषयावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवून त्यातले बहुतेक तास नुसती जळती शेकोटी दाखविली, असे वाचतो. आगोटीला लाकडांची बेगमी करणाऱ्या आमच्या रत्नागिरीकराला त्यात नवल वाटू नये. फरक एवढाच की तेथे लाकूड फोडणारा आणि उबेला बसणारा हे बहुधा एकच गृहस्थ असतात.

आपल्याकडे ते कधीच एक नव्हते, आणि माझ्या ह्या सगळ्या लेखाचा रोख तोच आहे. सरपणाचे सुख खरे होते, ह्यात मला शंका नाही; पण ते सुख एकाचे आणि त्याचा धूर दुसऱ्याचा. पहाटे चारला उठून फुंकणीने विस्तव फुलविणारी बाई घरात सर्वांच्या शेवटी आणि बहुधा कोमट पाण्याने न्हात असे. बंबाच्या आठवणी लिहिणारे जे लेख दिवाळी अंकांतून आपण वाचतो ते बहुतेक पुरुषांचे असतात; बायकांनी गॅसची शेगडी आली त्या दिवसाच्या आठवणी लिहिल्या आहेत. पन्नाशीच्या दशकात बर्मा शेल कंपनीने मुंबईत ‘बर्शेन’ नावाने सिलिंडर विकायला आणले, १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसने नळातून गॅस दिला, आणि वखारी एकामागून एक बंद झाल्या; ज्या राहिल्या त्या मुख्यतः स्मशानांच्या आणि भट्ट्यांच्या आधाराने. कर्क स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या खेड्यांतील स्वयंपाकघरांत जाऊन चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो ते प्रथम मोजले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. मोजणी झाली म्हणून धूर नवा झाला नाही.

मध्यंतरी सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात निघाला आणि २००२ च्या सुमारास आटोपला. पुण्याच्या आनंद कर्वे ह्यांच्या ‘आरती’ संस्थेने चुलींवर पुष्कळ काम केले, आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीबद्दल तिला २००२ चे ॲशडेन पारितोषिक मिळाले. ही कामे मोलाची होती, परंतु ती खेड्यासाठी होती. शहरात लाकूड जळत नाही, अशी सर्वांची समजूत.

त्या समजुतीची शहानिशा करण्यास खैरानी रस्त्यावरून आत शिरणाऱ्या कोणत्याही गल्लीत सकाळी सहाला जावे. गल्लीची रुंदी दोन माणसे चुकून जातील एवढी. वर पोटमाळ्यांचे पत्रे एकमेकांना टेकलेले. आणि गटाराच्या कडेला तीन विटांवर ॲल्युमिनियमचे टोप, त्याखाली पॅकिंगच्या खोक्यांच्या पट्ट्या. एका ठिकाणी एक वयस्क बाई पट्ट्या निवडीत बसल्या होत्या. खिळे असलेल्या वेगळ्या, सनमायका चिकटविलेल्या वेगळ्या. मी विचारले, “मावशी, गॅस नाही का घरात?”

“आहे की दादा. गॅस चहाला नि भाकरीला. पाण्याला कोण जाळतंय गॅस?”

“मग हे लाकूड?”

“कारखान्यातलं. सांजच्याला पोरं आणून टाकतात. सनमायका नाही घालायचा, डोळं जातात त्यानं.”

ह्या उत्तरात अर्थशास्त्र आणि आरोग्यशास्त्र दोन्ही आले. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी निघाली, सिलिंडर घरोघर पोहोचला, आणि तरीही स्नानाचे पाणी लाकडावरच राहिले. कारण सिलिंडरला पैसे पडतात आणि पट्टीला पडत नाहीत. विजेची कॉईल लावावी तर मीटर चार घरांत मिळून एक. प्लायवूड सांधताना जी राळ वापरतात तिच्यात फॉर्मल्डिहाइड असते, जुन्या रंगात शिसे असते; मावशींना ही नावे ठाऊक नाहीत, परंतु निवड त्यांनी अचूक केली होती. ह्या निवडीला वखारीच्या काळी धावडा आणि पांगारा वेगळे काढणाऱ्या नजरेचेच वळण आहे.

पलीकडच्या गाळ्यात मला भुशाची शेगडी दिसली, आणि ती पाहून फार आनंद झाला. पत्र्याच्या डब्याला खाली एक भोक. त्यातून एक आडवी काठी आत सरकवायची, मधोमध एक बाटली उभी धरायची, आणि भोवती करवतीचा बारीक भुसा मुठीने ठासून ठासून भरायचा. मग बाटली आणि काठी हलकेच काढून घेतल्या की भुशात एक उभे आणि एक आडवे असे बोगदे उरतात. खालून कागद पेटवून सारला की भुसा आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे जळत जातो, आणि दोन-तीन तास तिच्याकडे कोणी पाहिले नाही तरी चालते. ठासण्यात सगळी विद्या आहे. सैल राहिला तर भुसा ढासळून आग गुदमरते, नको तेथे ओलसर राहिला तर नुसता धूर. रंध्याचे छिलके ह्या कामाला निरुपयोगी, कारण ते एकदम भडकतात. सुतारांची मुले हे सर्व बारा-तेरा वर्षांची होईतो शिकलेली असतात.

ह्या वस्तीत विस्तवाची भीती किती रास्त आहे हे मात्र विसरता येत नाही. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे ह्याच खैरानी रस्त्यावर एका फरसाणाच्या कारखान्याला आग लागली आणि बारा कामगार मेले. त्यांतले कित्येक कामाच्याच जागी झोपलेले होते. जेथे भुशाचे ढीग, रसायनांचे पिंप आणि माणसांची झोप एकाच छपराखाली आहे, तेथे तीन विटांची चूल हा काही काव्याचा विषय नव्हे.

कारखान्यांतून पडणाऱ्या लाकडाचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे पावाची भट्टी. विटांच्या घुमटाखाली लाकूड जाळून भट्टी तापवायची, निखारे ओढून काढायचे आणि विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे, ही रीत मुंबईत फार जुनी. ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप’ ह्या संस्थेने केलेल्या पाहणीत शहरातील जवळजवळ निम्म्या बेकऱ्या लाकडावर चालत असल्याचे आढळले, आणि ते लाकूड बरेचसे जुन्या फर्निचरचे व भंगारातले. हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेऊन चाललेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना व तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत इंधन बदलण्याचा हुकूम दिला, आणि महापालिकेने ८ जुलैची मुदत घातली. हुकूम योग्य आहे असे मी म्हणेन. पावाची चव बदलेल ही बेकरीवाल्यांची तक्रार मला खरी वाटते, तरी त्या चवीसाठी शेजारच्या इमारतीने धूर गिळावा असे मला वाटत नाही.

पण हुकूम बजावला जातो तो परवाना असलेल्यावर. भट्टीला परवाना आहे, तिच्या दाराशी निरीक्षक जाऊ शकतो. तीन विटांच्या चुलीला दफ्तरच नाही. आणि कारखान्यांतून पडणारे लाकूड काही हुकुमाने पडायचे थांबत नाही. भट्टीने ते घेतले नाही तर ते भंगारवाल्याच्या अंगणात साचेल, आधीच्याहून स्वस्त होईल, आणि उताराने जिकडे पाणी जाते तिकडेच, म्हणजे गल्लीतल्या टोपाखाली, जाईल. एका धुराड्यातून उंचावर जाणारा धूर अशाने शंभर उंबऱ्यांवर वाटला जाण्याचा संभव आहे, आणि ह्या वाटणीची नोंद कोणत्याही यंत्रात होणार नाही.

घाटकोपरच्या आझाद नगरात २०१६ साली महापालिका आणि एका साबण कंपनीच्या सहकार्याने ‘सुविधा’ केंद्र निघाले; शौचालये, न्हाणीघरे आणि कपडे धुण्याची यंत्रे एकाच इमारतीत, आणि दर गरिबाला झेपावे असे. साकीनाक्यापासून ते फार दूर नाही. तशा केंद्राच्या गच्चीवर सूर्यबंब बसवावे, पावसाळ्यासाठी खाली एक मोठा बंद बंब असावा, त्याला उंच धुराडे असावे, आणि कारखान्यांकडून साधे लाकूड व प्लाय वेगवेगळे घेऊन त्यातले साधे तेवढे जाळावे, असे मला सुचते; म्हणजे तांबटाची अक्कल फुकट जाणार नाही आणि कोणा एकीला पहाटे चारला फुंकणी घेऊन बसावे लागणार नाही. मावशींना मी ही योजना माझ्या परीने समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, बादलीमागे किती पडतील एवढेच विचारले, आणि मी आकडा शोधीत असताना फडक्याने टोप उतरविला. नातवंडांची शाळा सातची होती.